रताळं ओव्हनमध्ये, कुकरमध्ये, कढईत : तुमचे अनुभव लिहा

एकाच पिशवीतली, जवळपास सारख्याच आकाराची दोन रताळी. एक कुकरला लावलं, एक ओव्हनमध्ये सालीसकट भाजलं. कुकरमधलं मऊ झालं, पण चवीला पाणचट. ओव्हनमधल्याची साल जागोजागी फुटून तिथून काळपट चिकट पाक ओघळला होता, आणि आतला गर साखर घातल्यासारखा गोड होता. रताळ्यात इतका फरक पडू शकतो हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मग कारण शोधलं. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. रताळं तापू लागलं की ते पिष्टाचं माल्टोज नावाच्या साखरेत रूपांतर करतं. हे काम साधारण 57 ते 77 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोरात चालतं, त्याहून फार तापलं की एन्झाइम निकामी होतं. कुकरमध्ये रताळं हा टप्पा भर्रकन ओलांडतं. ओव्हनमध्ये मात्र आतपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात साखर तयार होत राहते.

तेव्हापासून मी ओव्हन आधी तापवत नाही. रताळी धुऊन, पुसून, काट्याने दोन-चार ठिकाणी टोचून थंड ओव्हनमध्ये ठेवते, आणि मग 200 अंशांवर लावते. पाव किलोच्या आतबाहेरच्या रताळ्याला तास-सव्वा तास लागतो. ट्रेवर कागद अंथराच, ओघळलेला पाक जळला की घासून निघत नाही.

तुम्ही काय काय करून पाहिलंत? माप, अंश, मिनिटं लिहा. फसलेलंही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

* * *

माझा अनुभव पावाचा. अर्धा किलो मैद्याला मी एरवी सव्वातीनशे मिली पाणी घेते. पहिल्यांदा त्यात 200 ग्रॅम उकडून कुस्करलेलं रताळं घातलं आणि पाणी तेवढंच ठेवलं. पीठ हातातून वाहायला लागलं. वरून मैदा घालत गेले, पाव दगडासारखा झाला. कच्च्या रताळ्यात तीन चतुर्थांशांहून जास्त पाणीच असतं, हे लक्षातच घेतलं नव्हतं.

आता सुरुवातीला 180 मिलीच पाणी घालते. पाच मिनिटं मळून पीठ कसं लागतंय ते पाहते आणि हवं तर चमचा-चमचा वाढवते. रताळं पूर्ण गार झालेलं हवं, गरम गराने यीस्ट मरतं. साखर निम्मी केली तरी चालते. कवच लवकर लाल होतं, म्हणून 190 अंशांवर वीस मिनिटं झाली की वरून फॉइल झाकते. हा पाव तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो, आणि माझ्यासाठी सगळी मेहनत त्याचसाठी आहे.

* * *

जांभळ्या रताळ्यांचा केक करणाऱ्यांसाठी. लेकीच्या वाढदिवसाला सुरेख जांभळा केक करायचा म्हणून दोन दिवस तयारी केली. घोळ ओतला तेव्हा रंग छान होता. भाजून काढला तर आतून निळसर हिरवा. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मी पाहिला.

दोष सोड्याचा होता. जांभळा रंग अँथोसायनिनचा, आणि तो आम्लात लालसर, अल्कलीत निळा-हिरवा होतो. पुढच्या खेपेला खायचा सोडा पूर्ण काढला, बेकिंग पावडर वापरली आणि कुस्करलेल्या गरात दोन चमचे लिंबाचा रस घातला. केक आरपार जांभळा निघाला. केशरी रताळ्यांना ही अडचण येत नाही. त्यांचा रंग बीटा-कॅरोटीनचा, सोड्याने तो बदलत नाही.

* * *

ताई, तुमचं हळूहळू भाजणं भाजलेल्या रताळ्यासाठी बरोबर आहे, पण फ्राइजना तोच गोडवा नडतो. आत शिजायच्या आधी कडा काळ्या पडतात. मी वर्षभर झगडलो आहे. शेवटी जमलं ते असं : केशरी सोडून पांढऱ्या गराची, कोरडी, पिठूळ रताळी घ्यायची. बोटाएवढे तुकडे अर्धा तास गार पाण्यात, मग फडक्यावर अगदी कोरडे. कॉर्नफ्लोअरचा पातळ हात, मग तेल. 220 अंशांना तापलेल्या ओव्हनमध्ये, तुकड्याला तुकडा न चिकटवता. मीठ बाहेर काढल्यावरच. मधे एकदा उलटायचे.

खरं सांगतो, बटाट्यासारखा कुरकुरीतपणा ओव्हनमध्ये येत नाहीच. कडा कुरकुरीत आणि आत मऊ, एवढंच मिळतं. मला ते पुरतं.

* * *

मी एकटा राहतो, ओव्हन नाही. मायक्रोवेव्हमध्ये सहा-सात मिनिटं, मधे उलटून. गोडी कमी लागायची ती का, ते आज कळलं. वर लोण्याचा गोळा घालतो. बीटा-कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच.

* * *

आमच्याकडे उलटा प्रश्न आहे. वडिलांना मधुमेह आहे आणि रताळं त्यांच्या अतिशय आवडीचं. भाजलेल्या रताळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स उकडलेल्यापेक्षा बराच जास्त असतो, हे आहारतज्ज्ञांकडून कळलं, तेव्हापासून आमच्याकडे ते भाजणं बंद. सालीसकट मोठ्या फोडी पाण्यात उकडते, लहान वाटीभर, सोबत डाळ किंवा अंडं. त्यांना दातांचाही त्रास आहे, म्हणून कधी त्याच फोडींचं आलं-मिरी घालून सूप करते. दाट होतं, वेगळं पीठ लावावं लागत नाही. तुमच्या त्या पाकाचं वर्णन मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही.

* * *

साठवणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवू नका. मी दोन आठवडे ठेवली होती. नंतर कितीही उकडली तरी मधला गाभा टणकच राहिला, चवही गेली. थंडीने ती आतून बिघडतात. त्यांना 13 ते 15 अंशांची, कोरडी, हवेशीर, अंधारी जागा मानवते, आणि धुवायची ती वापरायच्या वेळीच. शिजवून कुस्करलेला गर मात्र फ्रीजरमध्ये उत्तम टिकतो. मी एकेका केकाच्या मापाच्या पिशव्या सपाट करून ठेवते.

बुरशी आलेलं, कडवट वासाचं रताळं असेल तर तेवढा भाग कापून उरलेलं वापरू नका. त्यातलं विष शिजवल्यानेही जात नाही. सबंध फेकायचं.

* * *

आणि कोंब आलेलं? बटाट्याचे कोंब विषारी म्हणून आम्ही तसली रताळीही टाकत होतो.

* * *

ती टाकू नका! रताळं बटाट्याच्या कुळातलं नाही. ते मॉर्निंग ग्लोरीच्या वेलांच्या कुळातलं आहे, त्याचे कोंब आणि पानं खाता येतात. कंद टणक असेल तर कोंब खुडून नेहमीसारखा शिजवा. सुरकुतला असेल तर अर्धा पाण्यात बुडेल असा ग्लासात उभा करून खिडकीत ठेवा. माझ्याकडच्या एका वेलाची कोवळी पानं मी लसूण घालून परतते. चव पालकाच्या जवळची, फक्त थोडी जास्त बुळबुळीत.

त्या दादांच्या सांगण्यावरून पांढरी रताळी आणली आहेत. तुकडे आत्ता पाण्यात आहेत.