मदत हवी आहे : जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या पंपातून डिझेल पुढे जात नाही

मंडळी, इंदूरजवळ सांवेरकडे शेतावर मामांचा महिंद्रा बी-२७५ कित्येक पावसाळे शेडमध्ये नुसता उभा होता. गव्हाच्या पेरणीआधी तो चालू करायचाय.

इंजिन जाम नाही. इंजेक्टर काढून सिलिंडरांत थोडं डिझेल मुरवलं, मग पुली पान्याने हातानेच फिरली. ऑइल बदललं, फिल्टर नवे टाकले, टाकी धुतली (आतला चिकट गाळ स्वच्छ इंदूर शहरातल्या माणसाने पाहू नये असा). फिल्टरचा स्क्रू सैल करून हवा काढली, तिथवर डिझेल छान येतं. पण सेल्फ मारला तरी इंजेक्टरच्या नळ्या कोरड्याच, धूरसुद्धा नाही. इंजिन बंद करायची केबल मोकळी आहे, ते आधीच पाहिलं.

मला वाटतं, जुन्या डिझेलने पंपातला रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) किंवा प्लंजर (डिझेल दाबून पुढे ढकलणारे दट्टे) चिकटलेत. गावात सगळे म्हणतात, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा. पण डिझेलच पोचत नसेल तर ओढून काय होणार?

पंपाचं बाजूचं झाकण उघडून प्लंजर जागेवरच मोकळे करता येतील, की पंप उतरवून थेट कॅलिब्रेशनलाच (मशीनवर तपासून जुळवायला) द्यावा? आणि इंदुरात असे जुने पंप नीट करणारा भरवशाचा मिस्त्री कुठल्या भागात मिळेल?