जुन्या ॲल्युमिनियम बोटीच्या बुचाची नळी बदलायची आहे, सल्ला हवा

तळ्याकाठचा (मिनेसोटा):
नमस्कार मंडळी. माझ्याकडे 1979 सालची 14 फुटी ॲल्युमिनियमची रिवेटवाली बोट आहे. शेजारच्या आजोबांनी गेल्या वर्षी दिली, त्यांना आता ट्रेलर ओढणं झेपत नाही. मागच्या उभ्या पाटीत, म्हणजे ट्रान्सममध्ये, तळाशी पाणी काढायचं भोक आहे. त्यात एक इंची पितळी नळी आणि तिला रबरी बूच. नळीची आतली कड फाटली आहे, हाताने गोल फिरते आणि भोवती पांढरी भुकटी धरली आहे. दोन तास गळ टाकून बसलं की पाय भिजतात. बजेट 60 डॉलर. वेल्डिंग येत नाही. मे महिन्यातल्या वॉलआय माशाच्या ओपनरआधी, म्हणजे मासेमारीचा हंगाम सुरू होण्याआधी, बोट पाण्यात न्यायची आहे. नळी पितळी घ्यावी, प्लास्टिकची की स्टेनलेसची? सीलंट कुठलं?

नटबोल्ट:
नळीच्या फंदात पडू नका. भोक वेल्ड करून बंद करा आणि ॲल्युमिनियमचं आटेवाल्या बुचाचं फिटिंग वेल्ड करून घ्या. मी केलं, 220 डॉलर गेले, तीन उन्हाळे झाले, थेंब नाही.

तळ्याकाठचा:
धन्यवाद, पण बजेट 60 आहे.

नटबोल्ट:
अहो, मागे इंजिन किती हजारांचं लटकलंय? ते तळाला गेलं की 60 डॉलर आठवतील.

हर्णैचा:
आमची हर्णैला फायबरची होडी आहे, आधी लाकडी होती. बाबा फटीत कापूस ठासून वर राळ लावायचे. ॲल्युमिनियमचा अनुभव नाही, पण पितळ अजिबात नको. दोन वेगळे धातू पाण्यात टेकले की त्यातला एक, इथे ॲल्युमिनियम, खाल्ला जातो. तुमची पांढरी भुकटी तीच. प्लास्टिक घ्या.

सुपीरियरकर:
प्लास्टिक नको! उन्हाने आणि थंडीने ठिसूळ होतं. माझं एप्रिलमध्ये बूच घट्ट करताना हातात आलं, तेही धक्क्यावर, रांगेत मागे पाच ट्रेलर. स्टेनलेस घ्या आणि 5200 (3M कंपनीचं बोटींचं सीलंट) लावा. विषय संपला.

पाणकोंबडी (ऑन्टॅरियो):
5200 लावण्याआधी विचार करा. ते कायमचं आहे, पुढच्या वेळी नळी काढताना पत्रा वाकेल. शिवाय नेहमीचं 5200 पूर्ण धरायला आठवडा लागतो. त्याच कंपनीचं 4200 घ्या, ते पुढे सोडवता येतं. आणि सिलिकॉन मुळीच नको. त्याचा थर राहिला तर नंतर काहीच चिकटत नाही.

सुपीरियरकर:
कायमचं आहे म्हणूनच लावायचं ना!

हर्णैचा:
+1 पाणकोंबडी. मी तेच म्हणतोय, पितळ नको.

पाणकोंबडी:
मी पितळाबद्दल काहीच म्हटलं नाही. :) उलट, मिनेसोटाची तळी गोड्या पाण्याची. खाऱ्या पाण्यात हे गंजणं झपाट्याने होतं, गोड्यात फार हळू. खरा प्रश्न वेगळा आहे. ट्रान्समच्या दोन पत्र्यांमध्ये प्लायवूड असतं. नळी सैल म्हणजे लाकडात पाणी मुरलंय. नळी काढून आतलं लाकूड पेचकसाने टोचून बघा. मऊ लागलं तर नवी नळी कसलीही घाला, धरणार नाही. आणि लाकूड बदलायचं झालंच तर ते हिरवट प्रेशर ट्रीटेड लाकूड घेऊ नका. त्यात तांबं असतं, ओलं झालं की ॲल्युमिनियम खातं. माझ्या बोटीच्या आधीच्या मालकाने तेच लावलं होतं, पत्र्याला जागोजाग छिद्रं पडली.

ट्विनसिटी_आजोबा:
एक सांगतो, बुचाशिवाय बोट पाण्यात घालू नका. मी घातली आहे. मिनेसोटात रस्त्यावर बूच काढूनच बोट न्यावी लागते, झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. त्यामुळे धक्क्यावर परत लावायचं हमखास राहतं.

नटबोल्ट:
मिशिगनमध्येही 2019 पासून तोच नियम. चांगला नियम आहे, पण लोक पाळत नाहीत. आमच्या तळ्यात पायाला शिंपले कापतात.

ट्विनसिटी_आजोबा:
पाळायलाच हवा. आणि तळ्याकाठचा, गळती नळीतूनच आहे हे नक्की का? बोट ट्रेलरवर असताना आत तीन-चार इंच पाणी भरा आणि खालून बघा. जास्त भरू नका, एका गॅलनचं वजन आठ पौंडांच्या वर असतं, ट्रेलरवर नको तो भार येतो. जिथून टपकेल तिथे पेन्सिलने खूण करा.

सुपीरियरकर:
हेच लिहायला आलो होतो.

तळ्याकाठचा (तीन आठवड्यांनी):
सगळ्यांचे मनापासून आभार. आधी ट्विनसिटी आजोबांनी सांगितलं तसं पाणी भरलं. नळी गळत होतीच, पण तळाचे तीन रिवेटही गळत होते. ते बायकोने आतून जड लोखंडाचा ठोकळा धरून आणि मी बाहेरून हातोडीने ठोकून घट्ट केले. दोन थांबले, एक अजून पाझरतो. नळी काढून लाकूड टोचलं. कडेने अर्धा इंच मऊ होतं, आत टणक. मऊ भाग खरवडला, चार दिवस पंखा लावून वाळवला आणि भोकाच्या आतून इपॉक्सीचे दोन हात दिले.

नळी पितळीच घातली. जुनी गोड्या पाण्यात 40 वर्षांहून जास्त टिकली आणि कड फिरवायला पितळ मऊ, घरच्या हत्याराने जमतं. ट्रान्समच्या जाडीपेक्षा आठवा भाग इंच जास्त ठेवून कापली, दोन्हीकडे 4200 भरलं, मग गोल डोक्याच्या हातोडीने हळूहळू कड पसरवली. एकूण 47 डॉलर. शनिवारी चार तास पाण्यात होतो, तळाशी कपभर पाणी, तेही त्या रिवेटचं. बूच आता ट्रेलरच्या विंचच्या (बोट ओढायच्या चक्राच्या) हँडलला दोरीने बांधलंय. ते सोडल्याशिवाय बोट उतरवताच येत नाही.

नटबोल्ट:
पितळ मला अजून पटत नाही. पण लाकूड वाळवलंत ते उत्तम. त्या रिवेटचा जवळून फोटो टाका.