प्रतिसाद: सुट्टीने थकवा जातो, पण...

कामाने पार थकवा आलाय, काय करू, असं तू विचारलंयस. त्यावर इथे मिळालेला 'चार दिवस सुट्टी काढ, बरं वाटेल' हा सल्ला मला अर्धाच पटतो. क्षयरोगाच्या औषधांसाठी पाठपुरावा करणाऱ्या जिनिव्हातल्या एका संस्थेत मी इंटर्न होते. मे महिन्यात, जागतिक आरोग्य सभेच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक बैठकीच्या) तोंडावर, रात्री अकरालाही निवेदनांचे मसुदे दुरुस्तीला परत यायचे. सभा संपल्यावर आठवडाभर झोपून काढला. सोमवारी पुन्हा तेच. आमच्याकडे रुग्णांची पत्रं यायची. एका बाईंनी लिहिलं होतं, क्षयरोगाच्या इंजेक्शनांनी कान गेले, मुलीची हाक ऐकू येत नाही. आणि मी त्यात निवेदनात चपखल बसेल असं वाक्य शोधत होते! त्या दिवशी मी घाबरले.

इथे कुणी म्हटलं नाही म्हणून सांगते: जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून नोंदलाय. थकवा, कामापासून मन तुटणं, हातून काही होत नाहीसं वाटणं, ही त्याची लक्षणं. मग नुसती सुट्टी कशी पुरेल? मी समन्वयकांशी बोलले. रुग्णांची पत्रं दिवसाला दोनच, तीही सकाळी. सातनंतर मसुदे बंद. एवढ्याने खूप फरक पडला. तू बोलायला जाशील तेव्हा नुसतं 'झेपत नाही' म्हणू नकोस, नेमकं काय कमी करायचं ते कागदावर लिहून ने.