मदत हवी आहे: 'कोलंबो' मालिकेतल्या खुनी बायका – तिने मारलं, पण का?

मंडळी, आधीच सांगते, पुढे 'कोलंबो' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या (पोलीस डिटेक्टिव्ह कोलंबो खुनी पकडतो, ती) भागांचे शेवट फोडलेत. कोलंबो बघायचं राहिलं असेल तर इथूनच परत फिरा.

एक एकांकिका लिहितेय. पात्रं दोनच: खून केलेली बाई आणि तिच्याकडे चौकशीला आलेला माणूस. खून तिनेच केलाय हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळतं. घोडं अडलंय ते 'का' पाशी. कारण सरळ सांगितलं की बाई सपाट होते. नाही सांगितलं तर दिग्दर्शक म्हणतो, "लेखिकेलाच माहीत नाही वाटतं."

म्हणून कोलंबो परत बघायला घेतलं. तिथेही खून आधीच दाखवतात, त्यामुळे खुनी कोण हे कोडं उरतच नाही. पुरुष खुनी असला की हेतू बहुतेकदा पैसा, पद नाहीतर ब्लॅकमेल, आणि तो पहिल्या काही मिनिटांत कळून चुकतो. बायकांच्या काही भागांत मात्र शेवटच्या पाट्या सुरू झाल्या तरी काहीतरी झाकलेलंच राहतं.

माझं डोकं सगळ्यात जास्त खाल्लं ते १९७८ च्या 'मेक मी अ परफेक्ट मर्डर'ने. के फ्रीस्टन टीव्ही नेटवर्कमध्ये मार्कची सहाय्यक, आणि त्याची प्रेयसीही. मार्कला बढती मिळते, तो न्यूयॉर्कला निघतो. हिला त्याची खुर्ची हवी असते. तो हातात मर्सिडीजची किल्ली ठेवतो आणि वर ऐकवतो की तू निर्णय घेत नाहीस, अंदाज बांधतेस. मग एका रात्री साहेबलोक चित्रपट बघत असताना ती प्रोजेक्शनवाल्याला कामाला पाठवते आणि रीळ बदलायची वेळ यायच्या आत धावत जाऊन मार्कला गोळी घालून परत येते. कानात तिच्याच आवाजात टेप केलेली उलटी मोजणी चालू असते. काय प्रसंग आहे तो! पण तिने मारलं कुणाला? सोडून चाललेल्या प्रियकराला, की खुर्ची नाकारणाऱ्या साहेबाला?

त्यात व्हॅलरी कर्क. गायिका, व्यसनात बुडालेली, लाइव्ह कार्यक्रमाच्या ऐन तोंडावर कोसळते. के तिला ज्या मायेने सांभाळते, तसा आवाज मार्कशी बोलताना तिचा एकदाही लागत नाही. ही मैत्री, जुनं प्रेम, की कार्यक्रम वाचवायची धडपड? एक मैत्रीण म्हणते, तू नाही ते शोधतेस. मला पटत नाही.

तर जाणकारांनी सांगा: हे मुद्दाम संदिग्ध ठेवलंय, की त्या काळी उघड दाखवायची सोय नव्हती म्हणून? आणि असे आणखी कुठले भाग बघू? कृपया 'स्त्रीमन कुणाला कळलंय' छापाचे प्रतिसाद नकोत.

प्रतिसाद

व्हॅलरीबद्दल तुमच्याशी सहमत. त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर यापेक्षा उघड जाणं कठीणच होतं. पण तेवढ्यावर सोडू नका. के आपल्या लहानपणीच्या पडक्या घरात जाते आणि कोलंबो मागोमाग तिथे येऊन उभा राहतो, तो प्रसंग परत बघा. कथानकाला त्या घराची काडीची गरज नाही. आणि पकडली गेल्यावर ती रडत नाही. लढेन, टिकेन, कदाचित जिंकेनही, असं म्हणते. माझ्या मते ती प्रियकराला मारत नाही आणि साहेबालाही नाही. तिला त्या घराकडे पुन्हा ढकलू शकणारा माणूस तिने मारला. लेखकाने हे पात्राच्या तोंडी कुठेही घातलेलं नाही.

प्रतिसाद

'ट्राय अँड कॅच मी' (१९७७) चुकवू नका. रहस्यकथा लिहिणारी म्हातारी ॲबिगेल मिचेल आपल्या भाचीच्या नवऱ्याला, एडमंडला, हवाबंद तिजोरीच्या खोलीत कोंडून मारते. भाची समुद्रात बुडाली ती त्यानेच बुडवली, अशी तिची खात्री. ती खात्री खरी की खोटी, हे भाग संपेपर्यंत कळत नाही.

गंमत बघा. एडमंड अंधारात मरता मरता तिच्याच हस्तलिखिताच्या पहिल्या पानाचा वरचा भाग फाडतो, म्हणजे कथेच्या नावाचा उरलेला तुकडा आणि खालचं लेखिकेचं नाव जुळून 'माझा खून ॲबिगेल मिचेलने केला' एवढंच उरतं. तो कागद दिव्याच्या खाचेत लपवतो आणि पत्र्याच्या पेट्यांवर ओरखडे काढून तिकडे बाण दाखवतो. एवढी अक्कल चालली, पण 'मी तिला बुडवलं नाही' असा एक शब्द कुठे नाही. गुन्हेगार होता म्हणून, की खुनी पकडली जाणं जास्त महत्त्वाचं वाटलं म्हणून? ॲबिगेल झालेली रूथ गॉर्डन इतकी गोड आहे की आपण आपोआप तिच्या बाजूने निकाल देतो, आणि पुरावा शून्य.

प्रतिसाद

आधीच्या दोन्ही प्रतिसादांना +१. माझ्याकडून उलटं उदाहरण: 'इट्स ऑल इन द गेम' (१९९३). अभिनेत्री फे डनवेचं पात्र आणि एक तरुण मुलगी मिळून एकाला मारतात. दोघींची जवळीक बघून प्रेक्षक मनात नातं ठरवून टाकतो, आणि शेवटी त्या मायलेकी निघतात. पटकथा खुद्द पीटर फॉकची, म्हणजे कोलंबोचं काम करणाऱ्या नटाची. भाग मला आवडतो, पण ती संदिग्धता हातचलाखी आहे. उत्तर मिळालं की दुसऱ्यांदा बघण्यासारखं फारसं उरत नाही. तुमच्या एकांकिकेत हे टाळा.

'ओल्ड फॅशन्ड मर्डर' (१९७६) बघाच. रूथ लिटनचा होणारा नवरा तिच्या बहिणीने पळवला, पुढे तो मेला. तोही खून होता का? कोलंबो फक्त संशय बोलून दाखवतो. भाचीच्या कानावर ते जाऊ नये म्हणून रूथ या भागात केलेल्या बाकीच्या खुनांची कबुली देऊन टाकते. (रूथ झालेली जॉइस व्हॅन पॅटन आधी दुसऱ्या एका भागात कोलंबोला बेघर समजून जेवू घालणारी नन होती!)

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. रूथचं फारच उपयोगी पडेल. माझी बाई चौकशी करणाऱ्याशी असाच सौदा करू शकते: गुन्हा कबूल, कारण गुलदस्त्यात. मग कारण कोणापासून लपवायचं तेवढं ठरवलं की झालं. त्यासाठी रंगमंचावर तिसरं पात्र आणावं लागेल का, की नुसता बाहेरच्या खोलीतून येणारा आवाज पुरेल? नाटकवाल्यांनी सांगा, आमच्याकडे नटांची चणचण आहे.