मदत हवी आहे: नोकरी गेली, पीएफचे सगळे पैसे निघत नाहीत म्हणतात, खरं काय?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, राहायला मानेवाड्याकडे. बुटीबोरीच्या एका कारखान्यात ३ वर्षं ४ महिने होतो. दिवाळीनंतर आमची लाइनच बंद केली, पंधरा-सोळा जणांना घरी बसवलं. त्याआधी ६ वर्षं हिंगण्याला होतो. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच, पण हिंगण्याचा पीएफ इकडे वळवायचा राहून गेला. आळस, दुसरं काय.

तिथले २ लाख १० हजार, इथले १ लाख १० हजार. घराचा हप्ता चालू आहे, पोरीची अकरावीची फी डोक्यावर आहे. साळा म्हणतो, दोन महिने थांबा, सगळे निघतात. व्हॉट्सॲपवर आलं की चौथा हिस्सा आता साठीपर्यंत अडकला. पैसे आपले, अन् हिशोब दुसऱ्याचा! त्यात कंपनीनं पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीखच टाकली नाही. फोन केला की "होऊन जाईल भाऊ", तिसरा आठवडा झाला.

नक्की किती निघतील? पेन्शनचा हिस्साही काढता येतो का? माझं वय ३९.

प्रतिसाद १
भाऊ, दोन महिन्यांचं जुनं झालं. १३ ऑक्टोबर २०२५ ला ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) विश्वस्त मंडळानं ठरवलं त्याप्रमाणे नोकरी गेली की ७५ टक्के लगेच, उरलेले २५ टक्के बारा महिने बेकार राहिलात तर. म्हणजे ३ लाख २० हजारांतले २ लाख ४० हजार आत्ता, ८० हजार वर्षानं. साठीपर्यंत वगैरे काही नाही, ते फॉरवर्ड पाठवणाऱ्याला विचारा कुठं वाचलं. त्या ८० हजारांवर ८.२५ टक्क्यांनी वर्षाला ६,६०० व्याज सुटेल, तेवढंच.

पण घाई करू नका. आधी हिंगण्याचा पीएफ इकडे वळवा. नुसता बुटीबोरीचा काढलात तर नोकरी पाच वर्षांच्या आत दिसते आणि रक्कम ५० हजारांच्या वर असल्यानं १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापतात. दोन्ही नोकऱ्या जोडल्या की ९ वर्षं ४ महिने, मग ती कटकट नाही.

तारखेचं म्हणाल तर पीएफचा शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की सदस्य पोर्टलवर ती तुम्ही स्वतःच टाकू शकता. आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. कंपनीच्या पाया पडायची गरज नाही.

प्रतिसाद २
पेन्शनला हात लावू नका, राजेहो. तसंही आता त्यासाठी ३६ महिने थांबावं लागणार आहे, आणि लोक त्यावरच जास्त चिडलेत. तुमच्या बाबतीत मात्र ते बरंच आहे. दहा वर्षं भरली की ५८ नंतर आयुष्यभर पेन्शन, आणि तुम्ही काठावर उभे आहात. पीएफ कापणारी नोकरी काही महिने जरी मिळाली तरी काम होईल. काढून घेतलं तर मागची सगळी वर्षं पुसली जातात. माझ्या मावसभावानं काढले, तेव्हा गाडी घेतली. गाडी आता विकली.

दर महिन्याच्या २७ तारखेला ईपीएफओचं 'निधी आपके निकट' शिबिर असतं, कागद घेऊन जाऊन या.

एक विचारू? नोकरकपात झाली असेल तर पूर्ण रक्कम काढायची सोय ठेवलेली आहे. तुम्हाला कपातीचं पत्र दिलं की राजीनामा लिहून घेतला?

धागाकर्ता
दोघांचे आभार. हिंगण्याच्या ट्रान्सफरचा अर्ज आजच टाकला.

पत्राचं विचारलंत म्हणून फाइल काढून पाहिली. एचआरच्या पोरानं "फक्त फॉर्मॅलिटी आहे" म्हणत लिहून घेतलं होतं. त्यात 'घरगुती कारणामुळे राजीनामा देत आहे' असं आहे. अक्षर माझंच. बाकीच्या पंधरा जणांचंही असंच झालंय का ते उद्या विचारतो. हे नंतर बदलून घेतलेलं कुणाला माहीत आहे का?