मदत हवी आहे: रात्री हॉल उजळवणारे निळे-हिरवे दिवे मंद कसे करावेत?

नमस्कार मंडळी,

आमचं वन-बीएचके. रात्री हॉलमध्ये आई आणि माझा लहान मुलगा झोपतात, आणि त्याच हॉलमध्ये फायबर इंटरनेटचा डबा (राउटर), इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स आणि एसी आहे. ट्यूब बंद केली की समोरच्या भिंतीवर इतका निळा उजेड पडतो की कालनिर्णयवरचे मोठे आकडे वाचता येतात.

आईची झोप मुळात सावध. त्यात मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा उजेड बराचसा अडवतं; ते काढून स्वच्छ लेन्स बसवली की तोच निळा उजेड जास्त आत जातो. तिला तेव्हापासून हे दिवे अक्षरशः टोचतात. मध्यरात्री जाग आली की डब्यावरचा लॅनचा (नेटच्या वायरचा) लुकलुकणारा दिवा डोळ्यासमोर, मग पहाटेपर्यंत ती जागीच. मला तिची फार काळजी वाटते.

सगळं सरसकट झाकता येत नाही, खरी अडचण तिथेच आहे. माझी शिफ्ट सकाळी सहाला घरूनच सुरू होते. फायबर तुटली की डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागतो, आणि तक्रार करताना कस्टमर केअरवाले आधी तेच विचारतात. इन्व्हर्टरचा ‘बॅटरी लो’ही दिसायला हवा. म्हणजे बिघाड झाल्यावर दिसायलाच हवेत ते हे दोन दिवे. बाकीचे ‘सगळं ठीक आहे’ एवढंच रात्रभर ओरडून सांगतात.

डब्याच्या सेटिंगमध्ये (१९२.१६८.१.१) शोधलं, दिवे बंद करायची सोय नाही. डबा कंपनीच्या मालकीचा, त्यामुळे उघडता येत नाही. काळी इन्सुलेशन टेप लावली तर लॉसही झाकला जातो, शिवाय उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून चिकट थर राहतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

एसीचा प्रश्न सोपा आहे. रिमोटवर ‘डिस्प्ले’, ‘लाइट’ किंवा ‘एलईडी’ असं बटण बहुतेक असतं, ते दाबलं की आकडे विझतात. बऱ्याच टीव्हींच्या मेनूमध्येही स्टँडबायचा दिवा बंद करता येतो. सेट-टॉप बॉक्स रात्री सरळ बोर्डावरूनच बंद करा, वीजही वाचेल.

प्रतिसाद २

मी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम करतो. जुन्या टेपरेकॉर्डरचे लाल-हिरवे एलईडी अंधुक असायचे, दिसायला पंधरा-वीस मिलिअँपिअर वीजप्रवाह लागायचा. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी प्रखर निळा एलईडी केला (२०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, अमानो आणि त्यांना मिळून त्याचसाठी). घरातले पांढरे एलईडी बल्ब त्यातूनच आले, फार मोठं काम आहे ते. पण हे नवे एलईडी एक मिलिअँपिअरलाही झगमगतात. डिझाइन करणारा ते दिवसाढवळ्या टेबलावर तपासतो, आणि रात्री अंधाराला सरावलेला डोळा तर निळ्या-हिरव्यालाच जास्त संवेदनशील असतो. लाल त्याला तेवढा जाणवत नाही.

स्वतःच्या मालकीची, वॉरंटी संपलेली, अडॅप्टरवर चालणारी वस्तू असेल तर एलईडीच्या मालिकेत जोडलेला रेझिस्टर (त्याचा वीजप्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) बदलून घ्या. एक किलोओहमऐवजी दोन लावून फारसा फरक दिसणार नाही, दहापट तरी वाढवावा लागतो. पाच व्होल्टवर निळ्या एलईडीला बावीस किलोओहम दिला तरी अंधारात तो व्यवस्थित दिसतो. इन्व्हर्टर मात्र घरी उघडू नका.

प्रतिसाद ३

कंपनीच्या डब्याला रंगकामाची कागदी मास्किंग टेप लावा. तिचा गोंद हलका असतो, डाग राहत नाही. प्रत्येक दिव्यावर वेगळा छोटा तुकडा, प्रकाश पुरेसा मंद होईपर्यंत थरावर थर. लॉसची जागा उघडी सोडा, तो एरवी विझलेलाच असतो. हवेच्या जाळ्या बुजवू नका आणि वरून कापड टाकू नका, डबा तापतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रिमोटवर ‘डिस्प्ले’ सापडलं, एसीचे आकडे विझले. मास्किंग टेपचे तीन थर लावल्यावर लॅनचं लुकलुकणं भिंतीवर पोचत नाही, आणि लॉसची जागा मोकळी आहे.

इन्व्हर्टरचं तेवढं राहिलं. त्याचे ‘मेन्स’ (वीज आहे असं दाखवणारा) आणि ‘बॅटरी लो’ हे दिवे एकाच लांबट काचेमागे अगदी शेजारी आहेत. मेन्सवर टेप लावली तरी हिरवा उजेड काचेतून बाजूने पसरतोच, आणि पूर्ण काच झाकली तर बॅटरी लो मंद होतो. बॅटरी उतरली की याचा बझर वाजतो. तेवढ्या भरवशावर पूर्ण काच झाकणं चालेल का? की काही मॉडेलमध्ये बझर आधी आणि दिवा नंतर, असा क्रम असतो? ज्यांच्याकडे असं मशीन आहे त्यांनी सांगावं.