शब्दचर्चा : ‘अँटी-ह्युमन’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न :
कोल्हापुरात बी.एस्सी.च्या मुलांसाठी प्रात्यक्षिकांची मराठी पुस्तिका करतोय. एका बाटलीच्या नावाशी गाडी अडली आहे : ‘एफआयटीसी-कॉन्जुगेटेड गोट अँटी-ह्युमन सिक्रेटरी आयजीए’. (एफआयटीसी हा प्रकाश पडला की उजळणारा रंग; प्रतिपिंड म्हणजे परक्या पदार्थाला ओळखून चिकटणारं प्रथिन, आणि आयजीए हा त्याचा एक प्रकार.) आमच्या कच्च्या मसुद्यात ‘प्रतिदीप्त शेळी मानवविरोधी उत्सर्जित प्रतिपिंड’ असं लिहून आलंय. मला ते पटत नाही, पण चांगलंही सुचत नाही.

उत्तर :
सरळ देवनागरीत उतरवा. लॅबमध्ये कोण भाषांतर करतंय? ‘फ्रीजमधून एफआयटीसी काढ’ एवढंच बोलतात सगळे.

उत्तर :
नाव देवनागरीत राहू दे, पण खाली अर्थ हवाच, नाहीतर पोरं नुसतं पाठ करतील. मसुद्यातला ‘मानवविरोधी’ आधी काढा.

शेळीला माणसाचं आयजीए टोचतात. तिच्या शरीराला ते परकं, म्हणून ती त्यावर प्रतिपिंडे तयार करते. शेळीच्या बाजूने बघितलं तर ‘विरुद्ध’ बरोबर आहे. पण तीच प्रतिपिंडे बाटलीत आली की त्यांचं काम एकच : माणसाचं आयजीए दिसलं की त्याला चिकटायचं. आपल्याकडे उसाच्या रानात साप चावला की जे इंजेक्शन देतात, त्यातही घोड्याची प्रतिपिंडेच असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषाला ती निकामी करतात. तिथे ‘प्रतिविष’ चपखल बसतं, कारण खरोखर विरोध चालू असतो. काचपट्टीवर मात्र कुणी कुणाचा पाडाव करत नाही, नुसता शोध लागतो. म्हणून ‘मानवी आयजीए ओळखणारे’ म्हणा. ‘शेळी’ही मोकळी सोडू नका, ‘शेळीत तयार केलेले’ लिहा.

आता ‘सिक्रेटरी’. ‘उत्सर्जित’ साफ चूक आहे. उत्सर्जन म्हणजे शरीराला नको ते बाहेर टाकणं : घाम, लघवी. स्राव कामासाठी सोडलेला असतो. (आणि कृपया ‘स्राव’च लिहा. ‘स्त्राव’ सगळीकडे छापून येतं, पण धातू ‘स्रु’ आहे, त्यात ‘त’ नाही.)

खरी मेख पुढे आहे. ‘स्रवलेले’ आणि ‘स्रावी’ एक नव्हे. पेशीने बाहेर सोडलेलं प्रत्येक इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे प्रतिपिंडच) स्रवलेलंच, रक्तातलंसुद्धा. पण ‘सिक्रेटरी आयजीए’ हा वेगळा ऐवज आहे. आतड्याच्या किंवा लाळग्रंथीच्या अस्तराखाली प्लाझ्मा पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी) दोन आयजीए रेणू एका छोट्या जे-साखळीने जोडून सोडतात. अस्तराच्या पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर) त्या जोडीला धरतो, पेशीतून आरपार नेतो आणि पलीकडे पोचल्यावर ग्राहकाचा तुकडा तुटून आयजीएलाच चिकटून राहतो. हा तुकडा म्हणजे सिक्रेटरी कंपोनंट, मराठीत ‘स्रावी घटक’. त्यामुळे पाचक विकरांपुढे आयजीए जास्त टिकतं. माणसाच्या रक्तातलं आयजीए बहुतेक सुटं असतं, त्याला हा तुकडा नसतो. लाळ, अश्रू आणि आईचं पहिलं चीकदूध यांत मात्र तो भरपूर.

तुमची बाटली नक्की काय ओळखते, हे तिच्या पत्रकात बघा. आयजीएची अल्फा साखळी (आयजीएचा स्वतःचा भाग) ओळखत असेल तर रक्तातलंही सापडेल. स्रावी घटक ओळखत असेल तर स्रावी आयजीएम (प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार) आणि सुटा पडलेला घटकही उजळेल. मराठी नाव त्यावर ठरेल.

उत्तर :
चीक म्हटल्यावर आमच्याकडे पोरांना खरवस आठवतो. उदाहरण म्हणून म्हशीचा चीक दिला तर चालेल?

उत्तर :
तिथे जपून. गाई-म्हशींच्या चिकात मुख्यतः आयजीजी हा वेगळा प्रकार असतो, स्रावी आयजीए आईच्या चीकदुधात. शिवाय तुमची प्रतिपिंडे माणसाच्या रेणूसाठी आहेत. मुलांच्या स्वतःच्या लाळेचं उदाहरण द्या.

‘प्रतिदीप्त’बद्दल राहिलंच. तो शब्द ठेवा, ‘चमकणारे’ नको. एफआयटीसी साधारण ४९५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषतं आणि ५२० च्या आसपास हिरवा सोडतं; आलेला प्रकाश नुसता परतवत नाही. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली लाळग्रंथीचा छेद बघितलात तर बाकी सगळं काळं आणि नळीची आतली कड कच्च्या कैरीसारखी हिरवी. ते एकदा दाखवलं की पोरांना शब्दाची भीती राहत नाही. प्रतिपिंडाला असा रंग जोडायची युक्ती अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूला ओळखणाऱ्या प्रतिपिंडांवर करून दाखवली. एफआयटीसी नंतरचं, १९५८ चं. हा रंग उजेडात विझत जातो, तेव्हा ‘फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा’ हे पुस्तिकेत ठळक छापा. ‘कॉन्जुगेटेड’ला ‘संयुग्मित’ आहे, पण ‘जोडलेले’ पुरतं.

मूळ प्रश्नकर्ता :
पत्रक काढून बघितलं सर. त्यात स्रावी घटकच लिहिलाय. म्हणजे नुसतं ‘आयजीए ओळखणारे’ लिहिलं असतं तर अर्धवट झालं असतं. आता असं ठेवतोय : ‘मानवी स्रावी आयजीएमधील स्रावी घटक ओळखणारे, शेळीत तयार केलेले, एफआयटीसी हा प्रतिदीप्त रंग जोडलेले प्रतिपिंड’. लांब आहे, पण एकदाच लिहायचंय. पुढे सगळीकडे ‘एफआयटीसी प्रतिपिंड’.